टाकून दिलेलं रीडिंग

मी मोजणीचं काम करत होतो, असं सांगितलं की रामनगरात लोक खुर्ची पुढे ओढून बसतात. त्यांना वाटतं, जमिनीची मोजणी. एक गृहस्थ तर पहाणीचे उतारे आणि बांधाच्या भांडणाचे कागद पिशवीत घालून थेट घरीच आले. चहा झाला, पोहे झाले, कोणाचा बांध कोणी किती कोरला तेही सांगून झालं. मग मी भीत भीत म्हणालो की मी जमीन मोजत नाही, कम्प्युटरवर चालणारे प्रोग्राम किती मेमरी खातात आणि प्रोसेसर किती वेळ अडवून धरतात, ते मोजतो. त्यांनी कागद पिशवीत परत घातले आणि विचारलं, "आनि ते मोजून काय करतासा?"

मला त्या दिवशी उत्तर देता आलं नाही. आज निवृत्त होऊन वर्ष झालं तरी ते धड देता येत नाही. उलट खाली सांगतो त्या प्रकरणानंतर माझा गोंधळ वाढलाच आहे.

नोकरी बेळगावच्या एका लहानशा कंपनीत होती. खासगी बसवाल्यांना तिकीटविक्रीचा प्रोग्राम पुरवायचा, हा तिचा धंदा. शेवटची काही वर्षं मी रामनगरच्या घरूनच काम केलं. पुढच्या खोलीत टेबल, टेबलावर लॅपटॉप, खिडकीबाहेर गोव्याकडे जाणाऱ्या ट्रकांची रांग. वीज गेली की इन्व्हर्टर होता, नेट गेलं की मात्र देवाचं नाव घेत बसायचो. पावसाळ्यात कामाच्या वेळात माझं बरंच नामस्मरण झालं आहे.

कामाबद्दल दोन गोष्टी सांगून टाकतो, म्हणजे पुढचं सोपं जाईल. पूर्वी एका मशीनवर एक मोठा प्रोग्राम चालायचा. आता एकाच दांडग्या मशीनवर पंचवीस-तीस प्रोग्राम वेगवेगळे कोंडून ठेवतात. या कोंडून ठेवण्याच्या जागेला कंटेनर म्हणतात. मोठ्या घराच्या खोल्या पाडून भाडेकरू ठेवावेत, तसला हा प्रकार. प्रत्येकाला बजावलेलं असतं की तुला एवढीच मेमरी, एवढाच प्रोसेसर. ठरल्यापेक्षा जास्त मेमरी घेतली की मशीन त्या प्रोग्रामला त्याच क्षणी ठार मारतं. नोटीस नाही, विनंती नाही. मारल्यावर एक ओळ लिहून ठेवतं आणि त्याच जागी तोच प्रोग्राम पुन्हा नव्याने चालू करतं.

गंमत अशी की खोलीतल्या भाडेकरूला आपण खोलीत आहोत हे कळतच नाही. आत बसून त्याने विचारलं की बाबा, मेमरी किती आहे, तर त्याला अख्ख्या घराचा आकडा दिसतो. आमच्याकडे अहवाल छापणारा एक प्रोग्राम होता. त्याने आतून पाहिलं, चौसष्ट जीबी दिसली, आणि तो जहागीरदारासारखा पसरला. वाट्याला होती एक जीबी. तो रोज मरायचा आणि तो लिहिणारा माणूस रोज मला स्क्रीन दाखवायचा, की ही बघा, एवढी मेमरी मोकळी पडली आहे, तरी का मरतो? मी ते एका दुपारी शोधून काढलं. आतून मोजू नका, बाहेरून मोजा, असं सगळ्यांना सांगितलं आणि बाहेरून मोजून आलेख काढणारा एक छोटा प्रोग्राम, म्हणजे माप, स्वतः लिहिलं.

त्या मापाचं कंपनीत फार कौतुक झालं. आमचे मॅनेजर हिरेमठ साहेब कोणताही वाद आला की म्हणत, दत्तूचा आलेख काढा. प्रोग्राम लिहिणाऱ्यांचं म्हणणं एकीकडे आणि माझा आलेख एकीकडे असला तर आलेख जिंकायचा. मला ते आवडायचं, हे कबूल करतो.

माप अगदी साधं होतं. नवा कंटेनर चालू झाला की ते पाच सेकंदांच्या आत पहिलं रीडिंग घ्यायचं आणि पुढे दर पंधरा सेकंदांनी एक. पण पहिलं रीडिंग मी वापरत नसे. कारण सांगतो. प्रोसेसरचा खर्च घरच्या विजेच्या मीटरसारखा असतो. मीटरवरचा आकडा नुसता वाढत जातो. या महिन्याच्या आकड्यातून गेल्या महिन्याचा वजा केला तर वापर कळतो. पहिल्या रीडिंगमधून वजा करायला मागचं काहीच नसतं, म्हणून ते निरुपयोगी. आमच्या धंद्यात पहिलं रीडिंग टाकून देण्याची रीतच आहे.

ही रीत मला शिकावीच लागली नाही. आमच्या खळ्यावर भात मोजायला बसलं की वडील पहिली पायली बाजूच्या सुपात ओतत. ती देवाची. ती मोजणीत धरायची नाही, दुसऱ्या पायलीपासून मोजायला सुरुवात. माझ्या मापात ती ओळ लिहिताना मला हे आठवलं, आणि शेजारी टीप म्हणून मी हौसेने लिहिलं: पहिली देवाची. प्रोग्रामच्या टिपा कोणी वाचत नाही, तेव्हा तीही कोणी वाचली नाही.

वैशाली गुरव ही आमच्याकडे सात-आठ वर्षं होती. खानापूरजवळच्या एका गावची, वय चाळिशीच्या आसपास, वर्षावर्षाच्या करारावर. तिकीट देणारा मुख्य प्रोग्राम तिने लिहिलेला. बोलायची कमी, लिहायची नीट. तिच्या प्रोग्रामने मला कधी त्रास दिला नव्हता. माझ्या आलेखावर त्याची रेघ वर्षभर दोनशे एमबीच्या आसपास आडवी पडलेली असायची. तिला मी पाचशे बारा एमबी दिली होती, म्हणजे दुपटीहून जास्त.

मग एका वर्षी मे महिन्याच्या सुट्ट्यांत तो प्रोग्राम मरायला लागला.

हे मला कळलं परशराम मामांकडून. मामा म्हणजे माझ्या आईच्या गावचे, म्हणून मामा. त्यांच्या दोन मिनीबस बेळगावाहून रामनगरमार्गे मडगावला जातात आणि तिकिटं आमच्या प्रोग्रामवरून विकली जातात. इतर गिऱ्हाइकं तक्रार असली की बेळगावला फोन करतात, मामा मात्र माझ्या पडवीत येऊन उभे राहतात. त्या सकाळी त्यांची बस रस्त्याच्या कडेला उभी होती आणि आतून भांडणाचा आवाज येत होता.

"दत्तू, तुझ्या यंत्रानं सात नंबरच्या शिटावर दोन बायका बसवल्यात," मामा म्हणाले. "एकीची लेक मडगावात बाळंत व्हायलीया. दुसरीला कामावर जायचं हाय. आता मी कुणाला उतरवू, तू सांग."

कोणालाच उतरवलं नाही. मामांनी लेकीकडे निघालेल्या बाईला सात नंबर दिला, दुसरीला केबिनमध्ये बसवलं आणि क्लीनर अनमोडचा घाट संपेपर्यंत उभा राहिला. मी मात्र टेबलाशी जाऊन बसलो. वैशालीचा प्रोग्राम रोज सकाळी सहाला एकदा बंद करून चालू केला जायचा, त्या दिवसाच्या गाड्या आणि जागा भरून घेण्यासाठी. त्या दिवशी चालू झाल्या झाल्या तो मेला होता. पुन्हा चालू झाला, पुन्हा मेला. असा सहा-सात वेळा मेल्यावर एकदाचा टिकला. मध्ये ज्यांची तिकिटं निघत होती, त्यांच्या जागा विकलेल्या असूनही रिकाम्या दिसू लागल्या आणि दुसऱ्यांदा विकल्या गेल्या.

मशीनने लिहून ठेवलेली ओळ स्पष्ट होती: पाचशे बाराच्या वर गेला, म्हणून मारला. माझा आलेख तितकाच स्पष्ट होता: तो दोनशेच्या वर गेलेलाच नव्हता. रेघ काल संध्याकाळी दोनशे, आज सकाळी दोनशे, मध्ये कुठे उंचवटा नाही. माणूस अर्धी भाकरी खाऊन उठला आणि अति खाल्ल्याने मेला, असं काहीसं ते होतं. मी दोन्ही आकडे पुन्हा पाहिले, घड्याळं जुळवली, मशीन बदलून पाहिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. मला काही म्हणजे काही कळेना. बायको म्हणाली, जेवताना ताटाकडे तरी बघा.

वैशालीने हिरेमठ साहेबांना लिहून कळवलं की बसवाले वाढले आहेत, सकाळी सगळ्या गाड्यांची माहिती एकदम भरताना मेमरी जास्त लागत असणार, मर्यादा एक जीबी करावी. साहेबांनी ते माझ्याकडे पाठवलं. मशीन भरत आलं होतं, आणि एकाला वाढवून द्यायचं तर दुसऱ्याचं कापायचं, असा मामला होता. मग सगळ्यांची मीटिंग बोलावली गेली. बाराजण स्क्रीनवर, मी रामनगरहून, बाकीचे बेळगावात.

मी आलेख दाखवला. म्हणालो की लागते दोनशे, दिली आहे पाचशे बारा, वाढवून देण्याचं कारण मला दिसत नाही. मारल्याची ओळ खरी असेल, तर कुठल्या तरी विचित्र मागणीवर प्रोग्राम क्षणात फुगत असणार, म्हणजे प्रोग्राममध्येच कुठेतरी भोक आहे. हे मी फार आत्मविश्वासाने म्हणालो. आत मात्र मलाच खात्री नव्हती. दोन आकडे जुळत नव्हते, आणि दोहोंपैकी एक खोटा ठरवायचा तर मी माझा कसा ठरवणार?

वैशालीने शांतपणे विचारलं, "सर, चालू होतानाचं बघितलासा काय? अगदी सुरुवातीचं?"

"सगळं बघितलंय," मी म्हणालो.

हे दोन शब्द मी नंतर कितीदा तरी मनात ऐकले आहेत. मी खोटं बोललो नव्हतो. मला खरोखर वाटत होतं की मी सगळं पाहिलं आहे. पण मी जाऊन तपासलं नव्हतं. तिने विचारल्यावर निदान तपासून सांगतो म्हणायला माझं काय जात होतं, हे मला आजही उमगत नाही. बाराजणांसमोर होतो, आलेख माझा होता, आणि इतक्या वर्षांत माझा आलेख चुकला नव्हता, एवढंच कारण असावं.

त्या दिवसापासून वैशालीला भोक शोधण्याचं काम लागलं. तीन आठवडे तिने स्वतःचा प्रोग्राम ओळ न ओळ उसवला. भोक सापडेना, कारण नव्हतंच. सुट्ट्या संपल्या, गर्दी ओसरली आणि मरणं आपोआप थांबली, तेव्हा तर तिची बाजू आणखीच पडली. काय दुरुस्त केलं, हे तिला सांगता येईना. काहीच केलं नाही, असं ती खरं सांगत होती आणि ते कोणाला पटत नव्हतं. जूनअखेर तिचा करार संपला आणि पुढे वाढवला गेला नाही. हिरेमठ साहेब मला म्हणाले, बाई चांगली, पण दोष कबूल करत नाही. मी हो म्हणालो की नुसतीच मान हलवली, हे आता आठवत नाही. निरोपाला मी बेळगावला गेलो नाही, फोनही केला नाही.

तिचा प्रोग्राम दुसऱ्या दोघांकडे गेला. त्यांनी त्यातला निम्मा भाग नव्याने लिहिला. दिवाळी आली, गोव्याच्या गाड्या भरल्या, आणि नवा प्रोग्राम अगदी जुन्यासारखाच सकाळी सहाला मरू लागला.

परशराम मामा पुन्हा पडवीत आले. या वेळी भांडण नव्हतं. बस सुटायला अवकाश होता म्हणून ते आत येऊन माझ्या मागे उभे राहिले आणि स्क्रीनकडे बघू लागले. मी त्यांना रेघ दाखवली. म्हणालो, मामा, हा प्रोग्राम एवढंच खातो आणि तरी जास्त खाल्लं म्हणून मरतो, मला वेड लागायची पाळी आली आहे.

"कवा बघायलाईस तू ह्ये?" त्यांनी विचारलं. "चालू झाल्यावर व्हय?"

मी म्हणालो, चालू झाल्यापासून सतत.

"न्हाई, सेल मारताना बघतोस काय म्हणून इचारलो. माझी गाडी एकदा चालू झाली की गप चालती. खरं सकाळी सेल मारताना बॅटरी कशी वढती बघ. बॅटरीवाला तवाच मीटर लावतोय. चालत्या गाडीला लावून काय घावणार?"

मामा गेले. बस निघून गेल्याचा आवाज आला. मी बसूनच होतो. सेल मारताना, म्हणजे चालू होताना. अगदी सुरुवातीचं. हाच प्रश्न मला एकदा विचारला गेला होता आणि त्याचं मी दोन शब्दांत उत्तर दिलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला मी माप बाजूला ठेवलं आणि मशीनचा मूळ आकडा दर सेकंदाला डोळ्यांनी वाचला. दोनशे दहा. तीनशे चाळीस. चारशे साठ. पाचशे दोन. आणि मग काही नाही, प्रोग्राम मेला. पुन्हा चालू, पुन्हा तसंच. चौथ्या खेपेला पाचशे नऊवर थांबला आणि दुसऱ्या रीडिंगची वेळ होण्याआधीच उतरून दोनशेवर आडवा झाला. त्या पहिल्या दहा सेकंदांत तो सगळ्या गाड्यांच्या सगळ्या जागा एकदम मेमरीत ओतत होता. वैशालीने लिहिलं होतं, अगदी तसंच. नव्या लोकांनी दुसरं पुष्कळ बदललं होतं, पण भरण्याची पद्धत तीच ठेवली होती. त्याच वेळी तिकिटं मागणारे थोडे असले तर तो वाचायचा, जास्त असले तर मरायचा.

माझ्या आलेखावर मात्र दोनशेची सरळ रेघ. मी माप उघडलं. ती ओळ समोरच होती, शेजारी माझ्याच अक्षरांत टीप: पहिली देवाची.

चूक इतकी साधी होती की मला आधी ती चूक वाटेचना. प्रोसेसरचं पहिलं रीडिंग टाकणं बरोबरच आहे. पण मेमरी विजेच्या मीटरसारखी नसते, ती धरणाच्या पाण्यासारखी असते. आमच्या जवळच्या सुपा धरणात आज पाणी किती आहे, हे सांगायला कालची पातळी वजा करावी लागत नाही. पातळी बघायची आणि सांगायची. पहिलं रीडिंगही तितकंच खरं. मी प्रोसेसरसाठी केलेला नियम डोळे मिटून मेमरीलाही लावला आणि अख्खं रीडिंगच टाकून देत गेलो. जे कंटेनर दहा सेकंदांत मेले, त्यांचं आयुष्यच एका रीडिंगचं होतं. ते एकमेव रीडिंग मी टाकलं, म्हणून ते माझ्या लेखी जन्मलेच नाहीत. आणि आलेखाने आपला शहाणपणा करून कालच्या आणि आजच्या दोनशेमध्ये सरळ रेघ ओढून दिली. हे सगळं माझ्या मापात अनेक वर्षं होतं. प्रोग्राम लहान होते तोवर त्याने कोणाचं वाकडं झालं नाही, इतकंच.

मर्यादा वाढवली आणि मरणं थांबली. ते काम पाच मिनिटांचं होतं. हिरेमठ साहेब खूश झाले, म्हणाले, शेवटी दत्तूनेच शोधलं. मला ते ऐकवेना. मी सांगायचा प्रयत्न केला की हे वैशालीने मे महिन्यातच सांगितलं होतं. ते म्हणाले, आता झालं ना नीट, मग जुनं कशाला उकरायचं.

चार दिवस मी घरात नुसता फिरत होतो. कुणाची माफी मागायची, कंपनीची की तिची? लिहून कळवावं की प्रत्यक्ष जावं? गेलं आणि तिने दारातूनच वाटेला लावलं तर? बायकोने शेवटी विचारलं, तुमचा नेमका प्रश्न काय आहे, तिला काय वाटेल हा, की तुम्हाला काय वाटेल हा? त्यानंतर मी तिच्या गावची गाडी धरली.

वैशाली आता गावाजवळच्या काजूच्या कारखान्यात कामगारांची हजेरी ठेवते. बेळगावात तिने चार ठिकाणी विचारलं होतं. धंदा लहान आहे, सगळे एकमेकांना ओळखतात, आणि जुन्या जागी फोन करून चौकशी करतात. पुढचं तिने सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. तिच्या आईने चहा आणला. मी लॅपटॉप उघडून ती ओळ दाखवली आणि मामांच्या बॅटरीपासून सगळं सांगितलं. तिने टीप वाचली, क्षणभर तिच्या तोंडावर हसू आल्यासारखं वाटलं, मग ते गेलं.

"चूक हुतीया सर, कुणाचीबी हुती," ती म्हणाली. "खरं मी इचारल्याली की तुमास्नी. तुम्ही सगळं बघितलंय म्हणालासा. मग मीच माझ्यात भोक शोधत बसले. शेवटाला मलाच वाटाय लागलं, व्हय, माझंच कायतरी चुकलं असणार. आजबी हितं हजेरी लिवताना तीन-तीनदा तपासते."

मी म्हणालो की मी साहेबांना पत्र लिहितो, ते तिला परत बोलावतील असं बघतो.

"पत्र नको. परत नोकरीबी आता नको," ती म्हणाली. "सगळ्यांच्या पुढं म्हणालासा न्हवं, ते सगळ्यांच्या पुढंच मागं घ्या. मला ऐकायचं हाय."

सोमवारी अकराला कंपनीची मीटिंग असते. वैशाली सकाळच्या बसने रामनगरला आली. बायकोने तिला जेवूनच जायचं म्हणून बजावलं आणि माझ्या टेबलाच्या कडेला, कॅमेऱ्यात दिसणार नाही अशी, एक खुर्ची ठेवली. वैशालीनेच तशी ठेवायला सांगितली होती. ती हात मांडीवर ठेवून बसली. मी इतक्या वर्षांत कोणत्याही मीटिंगला घाबरलो नाही, त्या दिवशी मात्र घाबरलो.

माझी पाळी आली. मी जुना आलेख दाखवला, मग मूळ आकडे, मग ती ओळ. मे महिन्यात मी या सगळ्यांसमोर चुकीचं बोललो, प्रोग्राममध्ये भोक नव्हतं, माझ्या मापात होतं, आणि वैशाली गुरव यांनी सांगितलेलं प्रत्येक वाक्य बरोबर होतं, असं म्हणालो. वाचून नाही दाखवलं, तोंडाने म्हणालो. शेजारच्या खुर्चीकडे बघायची हिंमत झाली नाही.

मी चेहरे पाहिले आणि गडबडलो. मे महिन्यातल्या बाराजणांपैकी चारच उरले होते. बाकीचे नवे, नुकतेच आलेले, माझ्याकडे जरा नवलाने बघत होते. म्हातारा कसली कबुली देतो आहे, हे त्यांना कळत नव्हतं. हिरेमठ साहेब खाली बघून काहीतरी टाइप करत होते. तिकिटाचा प्रोग्राम नुकताच ज्यांच्याकडे आला होता, त्या नव्या तरुण गृहस्थांनी माइक चालू करून विचारलं, "पण सर, वैशाली गुरव कोण?"

मी तोंड उघडलं. आमच्याकडे होत्या, असं म्हणायचं, की आम्ही ठेवलं नाही, असं?

वैशाली उठली. तिने खुर्ची टेबलासमोर ओढली आणि लॅपटॉप स्वतःकडे वळवला. मी कॅमेऱ्यातून बाजूला झालो.

"मी," ती म्हणाली. "तुमच्याकडं हाय तो प्रोग्राम मी लिवलाय. मर्यादा वाढवून भागणार न्हाई, पुढल्या मे महिन्यात परत मरंल. सगळ्या गाड्या एकदम भरायच्या न्हाईत. कसं करायचं ते सांगते, लिवून घ्या."

हिरेमठ साहेबांनी मान वर केली. नव्या गृहस्थांनी पेन शोधलं. ती सांगायला लागली, सावकाश, एकेक पायरी, कोणती गाडी आधी आणि कोणती मागणी आल्यावर. स्वयंपाकघरातली भांडी वाजायची थांबली, बायको दारात येऊन उभी राहिली. मध्ये एका ठिकाणी मला वाटलं की ती चुकते आहे. मी बोललो नाही. वही उघडली आणि मीही लिहून घेऊ लागलो.